फक्त ताईचा हात

हे खरं आहे. पटवून देत बसणार नाही. ज्याला पुरावा हवाय त्याने इथेच थांबावं.

माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत हे घडलंय. ती खोटं बोलू शकते हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण या गोष्टीची सुरुवातच तिच्या एका खोट्यापासून होते.

भुतं म्हणे रात्री येतात. हे दुपारी घडलं. शनिवारी, तीन ते पाच. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारच्या वाचनालयात माणसं पेपर चाळत बसली होती.

वाचनालयाच्या मागे एक हॉल आहे. बुटका रंगमंच, पायऱ्यांच्या जागी चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार, दोन्ही बाजूंना काळे पडदे. मागे मेकअपची खोली. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने पोट आत ओढून घ्यावं, एवढीच.

तिथे ताई नाटकाचा ग्रुप चालवायची. सोळा वर्षांपासून सत्तरीपर्यंतची माणसं. ज्याला कुठे घेत नाहीत, त्याला इथे घ्यायचं. कुणालाही काढायचं नाही. तसा कागदच भिंतीवर डकवलेला होता.

एक टेलिफोन ऑपरेटर बाई होती, जन्मापासून आंधळी. एक शिंपी होता, ठार बहिरा. कॉलेजातली एक पोरगी होती, चाकाची खुर्ची अशी हाणायची की सगळे तिला एक्सप्रेस म्हणायचे.

आणि साहेब होता.

साहेब एक्केचाळीस वर्षांचा. समजायला वेळ लागायचा, पण एकदा समजलं की जन्मात विसरायचा नाही. शर्टाला कडक इस्त्री, कॉलर ताठ, वरचं बटण लावलेलं. म्हणून साहेब. सांगितलं ते करायचा, तसंच करायचा, आणि थांब म्हटलं नाही तोवर करत राहायचा. एकदा ताईने त्याला पडदा धरायला सांगितला आणि ती फोनवर बोलत बसली. चाळीस मिनिटांनी बघते तर हा पडदा धरून उभा. हात थरथरत होते. सगळे हसले. तोही हसला.

नाटक साधंच होतं. एका ऑफिसची लिफ्ट बंद पडते आणि आत माणसं अडकतात. साहेब चहावाला. त्याला एकच वाक्य होतं. "चहा कुणाला पाहिजे?"

ते एक वाक्य तोंडातून बाहेर यायला त्याला दीड मिनिट लागायचं. यायचा, उभा राहायचा, एक मोठा श्वास घ्यायचा... मग शांतता... आणि मग कधीतरी वाक्य.

आता त्यांची कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं.

नाटकात कुणी कधी जायचं याचा इशारा देतात. दिवा लावून दिला तर ऑपरेटर बाईला दिसत नाही. हाक मारून दिला तर शिंप्याला ऐकू येत नाही. म्हणून यांच्यात इशारा हाताचा. आधीच्या माणसाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला की निघायचं. एक्सप्रेस पडद्याआड हात घालून साहेबाच्या खांद्यावर ठेवायची, साहेब आपलं वाक्य बोलून शिंप्याच्या. हात पडल्याशिवाय कुणी हलायचं नाही. हा नियम साहेबाच्या हाडात मुरला होता.

एका शनिवारी हॉलच्या ट्रस्टची माणसं तालीम बघायला आली. ग्रुपला पुढच्या वर्षी हॉल द्यायचा की नाही, हे तेच ठरवणार होते. ताईला त्यांच्यापुढे ते दीड मिनिट नको होतं.

होय, तीच ताई. भिंतीवर कागद डकवणारी.

तिने साहेबाला मेकअपच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. एक्सप्रेस सवयीने त्याला हुडकून इशारा देईल, हे तिला माहीत होतं. म्हणून ती म्हणाली, "साहेब, आज वेगळा नियम. मी खांद्यावर हात ठेवेन तेव्हाच उठायचं. फक्त माझा हात. दुसऱ्या कुणी ठेवला तरी उठायचं नाही. कळलं?"

त्याला कळलं.

बाकीच्यांना तिने सांगितलं, साहेबाला आज बरं नाही, आत बसलाय, त्याचं वाक्य गाळा. तालीम सुरेख झाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, हॉल पक्का झाला. आनंदाच्या भरात सगळे पाच वाजता बाहेर पडले. ताईने कुलूप लावलं आणि किल्ली चौकीदाराच्या हातात दिली.

ती विसरली.

संध्याकाळी सातला साहेबाच्या आईचा फोन आला. अजून घरी आला नाही, तिथून निघाला का? ताई भाजी निवडत होती. फोन मानेत धरून म्हणाली, "निघाला की. पाचलाच, सगळ्यांबरोबर."

बघितलं नव्हतं. तरी ठाम सांगितलं.

मग काय, बस स्टँड पाहिला, दवाखाने पाहिले, नदीकाठ पाहिला. हॉल कुणी पाहिला नाही. तिथून तर तो निघाला होता ना, ताईनेच सांगितलं होतं.

रविवारी दुपारी चौकीदाराने हॉल उघडला, तेव्हा सापडला. खुर्चीवरच. पहाटे फिट आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. मेकअपच्या खोलीला कडी नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. दोन पावलं टाकून हॉलमध्ये येता आलं असतं. खिडकी होती, खिडकीखाली रस्ता होता, रस्त्यावर माणसं होती. हाक मारता आली असती.

तो उठलाच नव्हता.

पोलिसांना ताई म्हणाली, मी सगळ्या खोल्या बघून किल्ली दिली, नंतर तो परत आत गेला असेल. चौकीदाराची नोकरी त्याच आठवड्यात गेली. साहेबाची आई भेटेल त्याला सांगत राहिली की तिचा मुलगा हट्टी होता, लपून बसला असेल.

ताई रडली नाही. भाजी निवडायची, भांडी घासायची, फोनवर "हो, हो" म्हणायची. एकदा मी तिच्या चहात मीठ घालून पाहिलं. प्यायली.

दोन महिन्यांनी ग्रुप पुन्हा सुरू झाला. चहावाला काढून टाकला. आता एक्सप्रेसने थेट शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, एवढाच बदल.

पहिल्याच तालमीत नाटक त्या जागेवर आलं... आणि थांबलं.

शिंपी जागचा हलला नाही. ऑपरेटर बाई पुढचं वाक्य बोलेना. नुसता पंखा फिरत होता.

ताईने विचारलं, काय झालं? एक्सप्रेस म्हणाली, मी तर हात दिला. शिंप्याने खुणेने सांगितलं, मला मिळाला नाही. ताई वैतागली. मग दिलास कुणाला, भिंतीला?

एक्सप्रेस आपल्या पंजाकडे बघत राहिली. नेहमीसारखं न बघता पडद्याआड हात घातला होता, खांदा लागला होता. कापड कडक होतं, म्हणाली. इस्त्रीचं.

शिंपी तिच्यापासून सहा फुटांवर उभा होता. अंगात मऊ पडलेला टी-शर्ट.

तेवढ्यात ऑपरेटर बाई हळूच म्हणाली, "थांबा ना जरा. त्याने श्वास घेतलाय. आता बोलेल."

सगळे थांबले.

दीड मिनिट...

कुणीच बोललं नाही. मग ऑपरेटर बाईने मान खाली घातली, आणि तालीम पुढे सरकली.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. ताईने प्रसंगाची जागा बदलून पाहिली, एक्सप्रेसला दुसऱ्या बाजूला बसवून पाहिलं. ती जिकडे हात घालायची तिकडे आधी तो खांदा लागायचा. हात पडायचा, पण खांदा हलायचा नाही.

एक्सप्रेसला भीती वाटत नव्हती. तिला राग यायचा. "ताई, मी बरोबर वेळेवर देतेय हो. तो हलत का नाही?"

का हलत नाही, हे त्या हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत होतं.

त्या दिवशी ताई पहिल्यांदा मेकअपच्या खोलीत जाऊन बसली. बाहेर तालीम चालूच होती. आणि तिच्या लक्षात आलं... तिथून सगळं ऐकू येतं. एकूण एक शब्द. एक्सप्रेसच्या चाकांची कुरकुर ऐकू येते. खुर्च्या एकात एक घातल्याचं ऐकू येतं. कुलपाची खटकसुद्धा.

म्हणजे त्याने ऐकलं होतं. आपलं वाक्य गाळून नाटक पुढे गेलेलं. टाळ्या. हसत हसत बाहेर पडलेली माणसं.

सगळं ऐकून तो बसून राहिला होता. कारण तिने सांगितलं होतं.

ताई तिथून उठली आणि थेट साहेबाच्या आईकडे गेली. चपला दारात काढल्या. पाणीही घेतलं नाही. कोरड्या आवाजात, पोस्टात फॉर्म वाचून दाखवावा तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. फक्त माझा हात, हेही सांगितलं. फोनवर न बघता बोलले, हेही. चौकीदाराचं, हेही.

म्हातारी टॉवेलाच्या घड्या घालत होती. एक घडी घातली, दुसरी घातली.

"म्हणजे हट्ट नव्हता त्याचा," ती म्हणाली.

"नाही."

"मी पंधरा जणांना सांगितलं, हट्टी होता म्हणून."



ताईने चौकशी पुन्हा करा असं पोलिसांना लिहून दिलं. तिथला माणूस म्हणाला, प्रकरण मिटलंय बाई, घरी जा. ट्रस्टला पत्र दिलं. त्यांनी चौकीदाराला परत बोलावलं. तो आला नाही. निरोप मात्र पाठवला, तुमच्या हॉलच्या किल्ल्या तुमच्याकडेच ठेवा. बरोबर केलं त्याने.

ग्रुपलाही सांगितलं. गोल करून बसले होते सगळे. शिंप्याला खुणा करून सांगताना एक्सप्रेसचे हात मध्येच थांबले. ग्रुप मोडेल असं ताईला वाटलं होतं. मोडावा अशी इच्छाही असेल. कुणी गेलं नाही. कुणी तिच्याशी बोललंही नाही. फक्त ऑपरेटर बाईने विचारलं, मग आता तुम्ही हात ठेवणार का?

ठेवणार होती. म्हणूनच पुढच्या शनिवारी तिने साहेबाच्या आईला बोलावून घेतलं.

म्हातारी विंगेत स्टुलावर बसली. नाटक त्या जागेवर आलं. एक्सप्रेसने पडद्याआड हात घातला आणि मान हलवली. आहे.

पंखा फिरत होता...

ऑपरेटर बाईचा चेहरा तिकडे वळला. त्याने श्वास घेतला, ती पुटपुटली.

ताई पडद्याजवळ गेली. दिसत काहीच नव्हतं. काळं कापड आणि धूळ. तिने हात उचलला.

आणि मनगट कुणीतरी घट्ट पकडलं.

म्हातारी होती. स्टुलावरून कधी उठली कळलं नाही. बोटं हाडात रुतत होती.

"नको."

"अहो आई, माझ्यामुळेच अडकलाय तो. मी हात ठेवला तर सुटेल."

"सुटला तर जाईल." म्हातारीने आवाज चढवला नाही. "घरी नाही तो. कुठेच नाही. इथे आहे तेवढाच आहे. तुम्ही हात लावायचा नाही. एकदा तुमच्या मनासारखं झालं, आता माझ्या."

ताईने हात खाली घेतला.

याला वर्ष होत आलं. ग्रुप चालू आहे. दर शनिवारी नाटक त्या जागेवर येतं आणि सगळे दीड मिनिट थांबतात. त्याचे प्रयोगही झाले. प्रेक्षकांना वाटतं नाटकातच आहे, नंतर येऊन म्हणतात, ती शांतता फार छान घेतलीत. म्हातारी दर शनिवारी येते, विंगेतल्या स्टुलावर बसते, पडद्याकडे तोंड करून. कधी मुलाशी बोलत नाही. नाटक संपलं की रिक्षा करून जाते.

ताई त्या बाजूला जाते तेव्हा दोन्ही हात काखेत दाबून जाते. चुकून लागायला नको.

मी तिला म्हटलं होतं, सोड हा ग्रुप. ती म्हणाली, मी सोडला तर हात कुणाचा?

परवाच्या शनिवारी तालीम संपल्यावर एक्सप्रेस तिच्याजवळ आली. म्हातारीला ऐकू जाणार नाही अशा बेताने खुर्ची वळवून घेतली, आणि बराच वेळ चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

"ताई, पूर्वी मला हात वर करावा लागायचा. खांदा उंचावर असायचा ना त्याचा. गेला महिनाभर खाली लागतो. आज तर मला वाकावं लागलं."

"म्हणजे?"

"उभा नाहीये तो. मध्यंतरी बसलेला वाटायचा. आता बसलेलाही वाटत नाही. दमलाय तो, ताई."

विंगेत म्हातारी अजून स्टुलावर होती. पडद्याकडे बघत.

ताईने काखेतले हात काढले नाहीत.