पोटातला पहारेकरी

कोरेवाडीत वासरं आता हगवणीनं मरत नव्हती. पण ती रवंथही करत नव्हती.

इंदुमती खोतांच्या गोठ्यातली कालवड चांगली मोठी झाली होती. ती गवत हुंगायची, थोडं चघळायची आणि टाकून द्यायची. बळेच चारलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. दूध तेवढं पचायचं. आई देईल ते सगळं दूध हीच पिऊन टाकायची.

डॉ. शर्वरी टिळेकर तिच्या कुशीला नळी लावून ऐकत होत्या. निरोगी गाईच्या पोटात सतत चालणारा गुरगुराट तिथं नव्हताच.

"हिला झालंय काय, ते तरी सांगा," इंदूकाकी वैतागून म्हणाल्या.

याचं कारण होता पहारेकरी जंतू, आणि तो शर्वरीबाईंनीच तयार केला होता. हगवणीचे जंतू शेणातून, बुटांच्या तळव्यांतून, दुधाच्या बादलीतून एका वासराकडून दुसऱ्याकडं जातात. औषधं देऊन, गोठे धुवून घेऊन त्या थकल्या होत्या. त्या पोचायच्या आधीच रोग पुढच्या गोठ्यात पोचलेला असायचा. मग त्यांनी रोगाचीच वाट धरली. एक निरुपद्रवी जंतू त्यांनी असा बदलला, की तो वासराच्या पोटात ठाण मांडेल, नव्यानं येणारा प्रत्येक जंतू मारेल आणि शेणातून आपणहून शेजारच्या वासरात जाईल. पसरणारी लसच ती! सगळ्या गावानं होकार दिला. इंदूकाकींनी दिला नाही, स्वतःची वासरं मरत असतानाही.

"तुमच्या गोठ्यात सोडणार नाही," असा शब्द शर्वरीबाईंनी तेव्हा दिला होता. शेणात चोची मारत गोठ्यागोठ्यांतून फिरणाऱ्या कावळ्यांना तो शब्द ठाऊक नव्हता.

"गवत गाय एकटी पचवत नाही, काकी," शर्वरीबाई आता सांगत होत्या. "तिच्या पहिल्या पोटातले कोट्यवधी जंतू ते आंबवतात. वासराला ते आईकडून मिळतात, तिच्या लाळेतून, चाटण्यातून."

"हिची आई हिला दिवसभर चाटतीय की!"

"चाटते. पण पहारेकऱ्याला आईचे जंतूही परकेच."

"मग मारा त्याला."

"औषधानं मरतो. पण तो गेला की हगवण येते."

ते काकींना सांगायची गरज नव्हती. असंच औषध दिलेलं एक वासरू त्यांनी नुकतंच पुरलं होतं.

"मी नको म्हणत होते," त्या म्हणाल्या. "ऐकलं कुणी?"

शर्वरीबाईंनी मान खाली घातली. "मी दुसरा जंतू तयार केलाय. तो फक्त पहारेकऱ्याला मारतो आणि त्याची जागा घेतो. हगवण अडवतो, आईच्या जंतूंना वाट देतो. निदान प्रयोगशाळेत तरी देतो."

"आणि तोही पसरतो?"

"पसरायलाच हवा. म्हणून या वेळी प्रत्येकाला विचारतेय. तुम्ही शेवटच्या."

"बाकीचे?"

"हो म्हणाले."

"म्हणजे सोडलात."

"काल सकाळी."

काकी त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "मग मला कशाला विचारताय, बाई?"

बाहेर शेजाऱ्याचं शेणपाणी सामाईक नालीतून वाहत होतं. शर्वरीबाईंनी नळी गुंडाळली आणि त्या निघाल्या.

काकींनी गोठ्याचं दार ओढून घेतलं. त्याचा काही उपयोग नाही हे कळत असूनही आतून कडी घातली.