एकाच मापाच्या खुर्च्या

चामराजपेटेत, भर दुपारी, माझ्या स्कूटरचं मागचं चाक बसलं. एका हातानं फोन कानाला, दुसऱ्या हातानं हँडल, असं आईशी बोलत बोलत मी ती ढकलत नेली आणि चाकांचं पहिलं दुकान दिसलं तिथे उभी केली. आत एक तरुण स्टुलावर बसून चाकाच्या तारा ताणत होता. त्यानं वर पाहिलं. डोळे सुंदर होते. एवढ्या वैतागातही ते मला कळलं. मग त्याची नजर स्कूटरवरच्या नारिंगी स्टिकरवर गेली, आणि तेच डोळे एकदम कडक झाले.

"या कंपनीत काम करता काय?" त्यानं कन्नड सोडून मराठीतच विचारलं. फोनवरचं बोलणं ऐकलं असावं.

"हो. का?"

"मग पंक्चर काढणार नाही मी. पुढे जावा."

"दुकान उघडं ठेवून गिऱ्हाइकाला घालवता? कमाल आहे!"

तो ताडकन उठला, आत गेला आणि एक नारिंगी व्हीलचेअर ढकलत बाहेर आला. मग दुसरी. मग तिसरी.

"दुरुस्तीला आल्यात. तुमच्याच ना ह्या?"

माझ्याच होत्या. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचं देणगीचं काम मी बघायचे. गेल्या वर्षी आम्ही साठ खुर्च्या वाटल्या होत्या. प्रत्येक फोटोत कडेला मी आहे... हसताना.

"सगळ्या एकाच मापाच्या," तो म्हणाला. "माणसं एकाच मापाची असतात काय, मॅडम? मागच्या गल्लीत चंदना राहते. एकोणीस वर्षांची, बारीक चणीची. ह्या रुंद खुर्चीत ती एका बाजूला कलून बसायची. तिला कमरेखाली काही जाणवत नाही. कातडी सोलली, जखम झाली, तिला कळलंच नाही. चादरीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. अडीच महिने पालथी पडून होती. परीक्षा बुडाली."

मला लाज वाटायला हवी होती. पण आधी राग आला.

"अहो, आम्ही फुकट दिलेल्या—" मी म्हणाले, आणि माझं मलाच ऐकू आलं.

तो खाली बसला, माझं चाक काढलं, पंक्चर काढलं.

"आता का काढलंत?"

"तुमच्या आई वाट बघत असतील. त्यांचा काय दोष?"

दुकानावरच्या पाटीवर नाव होतं — गिरीराज. घरी जाताना मी त्या नावाला बनशंकरीपर्यंत शिव्या घातल्या.

शनिवारी पुन्हा गेले. स्कूटर धडधाकट होती.

"मला मापं घ्यायला शिकवा," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात शंभर खुर्च्या वाटायच्या आहेत."

"शंभर!" त्यानं पाना खाली आपटला. मग खुंटीवरची मापाची टेप काढली. "सरी, चालेल. बसा ह्या खुर्चीत."

कमरेची रुंदी, मग मांडीची लांबी. टेपचं एक टोक दर वेळी तो माझ्या हातात द्यायचा, बोटाला बोट लागू न देता. मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत. तो खाली वाकला होता आणि त्याच्या केसांत लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता.

"श्वास का रोखलाय? पायाच्या मापात श्वास धरत नाहीत."

"तुमच्या रागाला घाबरून."

"खोटं. तुम्ही कुणाला घाबरत नाही. म्हणून तर..."

"म्हणून तर काय?"

"म्हणून तर स्वल्प नीट बसा म्हणतोय."

त्याचे कान लाल झाले होते. मी नीट बसले. अजिबात नीट बसवत नव्हतं.

मग दर शनिवारी जायला लागले. चंदनाही असायची, गिरीराजनं अरुंद करून दिलेल्या खुर्चीत. ती फार बोलायची नाही. एका शनिवारी एक गृहस्थ वडिलांसाठी खुर्ची बघायला आले आणि गिरीराजनं नेहमीसारखं सुरू केलं, "ही मुलगी बघा, हिला कंपनीच्या खुर्चीनं किती मोठी जखम—"

"पुरे, गिरी अण्णा!"

चंदनाचा आवाज इतका चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"ह्यांच्या कंपनीनं माझा फोटो लावला. तू माझी जखम लावतोस. येईल त्याला दाखवतोस. दोघांत फरक काय?"

गृहस्थ चपापून निघून गेले. गिरीराजचा चेहरा पांढरा पडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर ती माझ्यावर उलटली.

"तुम्ही रडू नका हं, अक्का! तुम्ही वाईट वाटून घेता, हा चिडतो. मला काय पाहिजे ते दोघांपैकी एकानं तरी विचारलं?"

"काय पाहिजे?" गिरीराजनं हळूच विचारलं.

"काम. पगाराचं. खुर्ची कुठे टोचते, कुठे घासते, ते मला कळतं. मापं मी घेईन."

सोमवारपासून चंदना दुकानात पगारावर कामाला आली. पुढच्या आठवड्यात तिनं आणि मी मिळून शंभर जणांच्या यादीला फोन लावले. आम्ही एकच प्रश्न विचारला — थोडं थांबावं लागलं तर चालेल का, खुर्ची तुमच्या मापाची मिळेल. बहुतेकांनी थांबतो म्हणून सांगितलं. एका बाईंनी तर विचारलं, "माप माझं घेणार? माझं?"

मी ते सगळं लिहून आमच्या सुमंत सरांपुढे ठेवलं.

"हॉल ठरलाय, शमिका. पाहुणे ठरलेत. आता मापं?"

"सर, मागच्या खुर्च्यांनी माणसं जखमी झालीत."

"एक-दोन केस असतात. बाकीचे खूष आहेत ना? आणि तुला मापं शिकायची हौस असेल, तर तुझी पर्सनल ग्रोथ तुझ्या वेळात कर."

पाच वर्षं मी ह्या माणसाला 'हो सर' म्हणत आले होते. त्या दिवशी म्हटलं नाही. राजीनामा एका दमात टाइप केला, एकही चूक झाली नाही.

तशीच दुकानात गेले. पाऊस भुरभुरत होता. गिरीराजनं ऐकलं आणि भडकलाच.

"नोकरी सोडली? कुणाला विचारून?"

"तुम्हाला विचारायला हवं होतं?"

"हो!"

शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर डोकावली.

"का? तुम्ही माझे कोण?"

तो हातातलं फडकं उगाच पिळत राहिला.

"तेच... तेच विचारायचं होतं. चार शनिवार झाले, आज विचारू, उद्या विचारू..."

"मग विचारा."

"इतक्या लोकांत?"

"ओरडलात तेव्हा लोक नव्हते?"

तो हसला. आमच्या सगळ्या भांडणांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग तो गंभीर झाला.

"मला फार राग येतो, शमिका. सगळ्यांचा. त्या रागात मी चंदनालासुद्धा दुखवलं. आता बदलायला बघतोय. पण तू दुकानातून गेलीस की... तो राग नसतो. दुसरंच काहीतरी असतं. त्याचं नाव सांगायला भीती वाटते."

मला तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"मलाही तेच होतं," मी म्हटलं. "भीतीसुद्धा."

आतून चंदना ओरडली, "मग लग्न करा की! मला मापं लिहू द्या!"

आता आम्ही तिघं हे काम चालवतो. कुणाला परवडतं, ते पैसे देतात. कुणासाठी दुसरं कोणी देतं. पण माप घेतल्याशिवाय खुर्ची बाहेर जात नाही, आणि कुणाचा फोटो निघत नाही. यादीतले बरेच जण आमच्याकडे आले. सगळे नाही. कंपनीचा कार्यक्रम ठरल्या दिवशी झालाच. उरलेल्यांना तशाच खुर्च्या मिळाल्या, तसेच हार, तसेच फोटो. वर्तमानपत्रात ते बघितले तेव्हा मी दुकानात थयथयाट केला. अजूनही आठवण झाली की डोकं फिरतं.

गिरीराज मला शांत हो म्हणत नाही. हातातलं काम ठेवतो, शेजारी येऊन बसतो, चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "बोल."