एक गुंडी राहिली

सांगतो, पण मध्येच ‘बिचारा इंद्रभान’ म्हणू नका. माझा चुलतभाऊ होता, तरी बिचारा नव्हता. आडमुठा होता, आणि अजूनही त्याचं नाव काढलं की माझं टाळकं सरकतं.

मला जुन्या गुंड्यांचा नाद. अंगरख्याच्या चांदीच्या, पितळी, त्याहूनही जुन्या कांस्याच्या. आमच्या वाशीमकडच्या मालेगावजवळ तुळसाबाईच्या शेतात पांढरी आहे, उजाड गावठाणाच्या पांढऱ्या मातीचं टेकाड. तिथं विहीर खोदताना एका सापळ्याच्या गळ्यापाशी तसली कांस्याची गुंडी निघाली. भर दुपारी आम्ही दोघं मोटरसायकलवर बघायला गेलो.

बोराएवढा गोळा आणि तो अडकवायची कडी, दोन्ही सुटे. ओल्या राखेचा वास येत होता. तुळसाबाईनं ती फडक्यावर माझ्यापुढं ठेवली.

“मेल्या माणसाच्या गुंड्या सोडतेत भाऊ, जीव अडकू नये म्हणून. कोणंतरी मायेनं सोडली हाये ही. न्या, पण लावू नका.”

“नाही लावत,” मी म्हणालो.

इंद्रभान हसला. “फोटोत लागलेली पाह्यजे ना!” माझा हात पोचायच्या आत त्यानं गोळा कडीत दाबला, टक्‌ आवाज झाला.

तुळसाबाईनं पदर ओढून स्वतःचा गळा झाकला.

परतताना मागं बसलेल्या इंद्रभाननं शर्टाची वरची गुंडी सोडली. मग दुसरी.

“काहून रे?”

“गळ्यापाशी... आवळून राह्यलं...”

गाडी थांबवली. खिशातली ती कांस्याची गुंडी काढून मी पकडीनं ओढली, दगडानं ठेचली. हलेना! “तुले सांगतलं होतं ना, काहून लावली?” त्याला श्वास पुरत नव्हता आणि मी त्याला शिव्या देत होतो. त्या शिव्यांची मला आजही लाज वाटते.

वाशीमला दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

घरी आंघोळ घालताना त्याच्या शर्टाच्या सगळ्या गुंड्या मी सोडल्या. करदोडा तोडला. गळा मोकळा होता, साधा वळही नव्हता. पण माझ्या बोटांना तिथं काहीतरी लागलं... गार, गोल. मी ते सोडायला गेलो. पुन्हा गेलो. सुटेना.

“चाल आता, उशीर होऊन राह्यला,” आमचे थोरले नानाजी म्हणाले.

“थांबा! एक राह्यली...”

“कुठी हाये?”

दिसत नव्हती, तर दाखवू काय! चौघांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. आणि संध्याकाळच्या आत, कोणाचं काही न ऐकता, माझ्या भावाला गळ्याशी गुंडी लावलेलाच पेटवून दिला.