पात्याची पाठ

रक्ताने कडक झालेलं फडकं काउंटरवर पडलं, तेव्हा धारताई कात्रीला धार लावत होत्या.

"उघडा," मामांचा मुलगा म्हणाला.

फडक्यात घडीचा चाकू होता. काळ्या लाकडाची मूठ, बोटाएवढं पातं. दोन वर्षांपूर्वी धारताईंनीच निवडून दिलेला.

"काय झालं?"

"काल सकाळी गुलाबाच्या कलमात कोंबाचा डोळा भरताना बाबांच्या हातात मिटला. उजव्या हाताची दोन बोटं. डॉक्टर म्हणतात, बोटं राहतील, पण वळणार नाहीत."

धारताई खाली बसल्या. मामा म्हणजे कलमांतला शेवटचा शब्द. त्यांच्या हाताखाली कलमं करणारी भाची त्यांना मामा म्हणायची, म्हणून सगळ्या नर्सरीवाल्यांचे ते मामा झाले होते. त्यांनी कलम करायचं नाही, तर करायचं काय?

"या लॉकचा चाकू आपोआप मिटत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते."

"शनिवारी बागायतदारांचा मेळावा आहे. तिथे सगळ्यांना सांगणार आहे मी, कुठला चाकू आणि कुठलं दुकान ते."

मेळाव्याला येणारा प्रत्येक माणूस धारताईंचं गिऱ्हाईक होतं. दुकान वडिलांपासूनचं. मालापेक्षा शब्दावर चालणारं.

"सांग. पण आधी मला पाच मिनिटं बघू दे. तुझ्यासमोर."

त्यांनी पातं उघडलं. एरवी खट्ट वाजायचं; आज आवाज दबका आला. मुठीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. तो मध्येच अडला.

या लॉकची दांडी मुठीच्या पाठीत बसवलेली असते. पातं उघडलं की दांडीचा दात पात्याच्या बुडातल्या खोबणीत पडतो आणि दांडी पाठीशी सपाट होते. ही दांडी नखाच्या जाडीएवढी वर होती. दात पूर्ण बसलाच नव्हता.

धारताईंनी सुई घातली. खोबणीतून मधाच्या रंगाचा, ज्वारीच्या कणीएवढा तुकडा निघाला.

"कलमाचं मेण," मुलगा म्हणाला. "शेडमध्ये तेच असतं. लॉकमध्ये मेण गेलं आणि लॉक फसलं. म्हणजे लॉकच बेकार."

"खिशातल्या चाकूत काय अडकतं, माहितीय? दोरे, माती, वाळलेला चीक. यात एक धागा नाही. भिंगातून बघ. हा थेंब गरम असताना सोडलाय आणि वरून सपाट केलाय."

मुलाने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सोमवारी धारेला तूच आणला होतास. मंगळवारी तूच नेलास. नेण्याआधी मी लॉक वीसदा तपासलं होतं. मग चाकू कुठे होता?"

"शेडमध्ये, बाबांच्या खणात. खणाला कुलूप नसतं. तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"तू माझं दुकान बंद करायला निघालायस. एवढं तर विचारणारच."

"बाबांनी काम सोडून माझ्याकडे राहायला यावं, असं मला वाटतं. सगळ्यांना माहीत आहे ते. पण बोटं तोडून नाही."

धारताईंनी भिंग खाली ठेवलं. त्यांना वेगळंच खुपत होतं. मामांच्या अंगठ्याला हे कळलं कसं नाही?

दोन वर्षांपूर्वी चाकू घ्यायला मामा भाचीबरोबर आले होते. धारताईंनी तीन प्रकार समोर मांडले होते. कड्याचं लॉक आठवणीने फिरवावं लागतं. विसरलात की संपलं. आतल्या पत्तीचं लॉक बसलं का, ते डोळ्याने बघावं लागतं, नाहीतर कानाने ऐकावं लागतं. मामा ठार बहिरे, आणि त्यांचा चष्मा कायम कपाळावर. म्हणून धारताईंनी तिसरं निवडलं, पाठीच्या दांडीचं. पातं उघडायचं आणि अंगठा फिरवायचा. काही लागलं नाही तर लॉक बसलं. मामांना ते इतकं पटलं की तेव्हापासून अंगठा फिरवल्याशिवाय त्यांनी एक काडी कापली नव्हती.

भाचीनेही तसाच चाकू घेतला होता. जाताना दारातून वळून तिने विचारलं होतं, "धारताई, आणि हे फसतं कशाने गं?"

"खोबणीत काही अडकलं तर. पण अंगठा सांगतोच," धारताई म्हणाल्या होत्या.

"चल," त्या आता मुलाला म्हणाल्या. "मामांना भेटायचंय."

नर्सरीच्या शेडमध्ये स्टोव्हवर मेणाचं भांडं होतं. भाचीने धारताईंना बघितलं आणि येऊन गळ्यातच पडली.

"तू आलीस ते बरं झालं. मी याला कालपासून सांगतेय, धारताईचा काय दोष? ऐकतोय कुठे."

मामा खुर्चीत बसले होते. उजवा हात झोळीत. मांडीवर पाटी होती. ते बोलायचे तोंडाने, ऐकायचे पाटीवर.

"या, धारताई," ते मोठ्याने म्हणाले. "चाकूला बोल लावायला आला असाल तर लावू नका. म्हातारपण आहे हे."

धारताईंनी लिहिलं: अंगठा फिरवला होता?

"फिरवला की. विसरेन का?"

काही लागलं नाही?

मामांनी डावा अंगठा वर केला. त्यावर चिकटपट्टीचे तीन जाड वेढे होते. "याच्यावरून बैलगाडी गेली तरी कळायचं नाही. टाचणीएवढा काटा लागला होता काल सकाळी. काट्याला पट्टी बांधणारा माळी म्हणजे पाण्याला भिणारा मासा, असं मीच सांगत आलोय. आणि आता बघा."

भाची हसली. तिने पुढे होऊन पट्टीचं सुटलेलं टोक दाबून बसवलं.

धारताईंनी पुन्हा लिहिलं: मिटला कधी? डोळा कापताना?

"छे, कापताना नीट होता. चार डोळे कापले. खुंटाची साल उचलताना मिटला. जुना खुंट, साल चिवट, जोर लावला."

"साल उचलताना म्हणजे?" मुलाने विचारलं.

भाचीने कपाळाला हात लावला. "नर्सरीवाल्याचा मुलगा."

धारताई शेडमध्ये फिरल्या. मेळाव्यासाठी तयार केलेल्या कुंड्या रांगेत होत्या. नवा गुलाब, आत केशरी, कडेला पांढरा. प्रत्येक कुंडीला छापील चिठ्ठी: नव्या जातीचे जनक, आणि खाली एकट्या मामांचं नाव. कोपऱ्यात या जातीचं मूळ झाड होतं. त्याच्या बुंध्याला गंजका पत्रा तारेने बांधलेला. त्यावर खिळ्याने कोरलं होतं: पिवळ्या गुलाबावर वेगळ्या फुलाची फांदी, मला सापडली. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. अक्षर भाचीचं.

धारताईंनी ते दोनदा वाचलं. मग परत येऊन स्टोव्ह बंद केला.

"बस," त्या भाचीला म्हणाल्या. "मला सगळ्यांसमोर बोलायचंय."

"अगं, मेण थिजेल."

"थिजू दे."

मुलगा दाराशी उभा राहिला. धारताई मुलाशीच बोलू लागल्या, कारण भाचीकडे बघून बोलणं त्यांना जमेना.

"लॉक अर्धवट बसलं तरी कापताना चाकू मिटत नाही. धारेने कापतो तेव्हा पातं उघडण्याच्या बाजूलाच ढकललं जातं. चार डोळे म्हणूनच नीट कापले गेले. पण कापलेला डोळा आत बसवायला खुंटाची साल उचलावी लागते, तेव्हा माळी पात्याची पाठ वापरतो. पाठीवर जोर आला की पातं मिटायला बघतं. ज्याने मेण घातलं त्याला हे माहीत होतं. तुला साल उचलणं म्हणजे काय, तेही माहीत नाही."

"मग कोण?"

"मेण घालून भागत नव्हतं. मामांच्या अंगठ्याला ते कळलंच असतं. म्हणून आधी अंगठा गप्प करायला हवा होता. टाचणीएवढ्या काट्याला तीन वेढे. पट्टी कोणी बांधली?"

मुलगा सावकाश भाचीकडे वळला. "ताई, तू बांधलीस. नको नको म्हणत होते बाबा. चिघळेल म्हणालीस तू."

"काळजीने बांधली," भाची म्हणाली. "काळजी करणं हा गुन्हा आहे का?"

"दाखव बरं तुझी बोटं," धारताई म्हणाल्या. "रोज दहा काटे लागतात तुला. एक तरी पट्टी आहे?"

भाचीने हात पदराखाली घेतले.

"मेणाचं भांडंही तूच तापवतेस. आणि हे लॉक कशाने फसतं, ते जगात एकाच माणसाने मला विचारलं होतं."

बाहेर नळाखाली बादली भरून वाहत होती. कोणी उठलं नाही.

"काय चाललंय?" मामांनी विचारलं. "मलाही सांगा."

धारताईंनी पाटी घेतली. खडू दोनदा टेकवला, दोनदा उचलला. मग तीन शब्द लिहिले: मेण भाचीने घातलं.

मामांनी वाचलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुन्हा वाचलं.

"बोटं जाऊ द्यायची नव्हती मला," भाची म्हणाली. ती मामांकडे बघून बोलत होती. त्यांना ऐकू येत नाही हे जणू विसरली होती. "थोडं कापेल, महिनाभर हात बांधतील, मेळाव्यात तुमच्याऐवजी डोळा भरून दाखवायला मी उभी राहीन, असं वाटलं होतं. नऊ वर्षं त्या फांदीला मी जपलं. दर वर्षी तुम्ही म्हणायचात, तुझंच नाव देऊ. चिठ्ठ्या छापून आल्या त्या दिवशी मी मोजल्या. दोनशे. एकीवरही मी नव्हते."

"मग भांडायचं होतंस," धारताई म्हणाल्या. "माझ्याकडे यायचं होतंस. मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते."

"माहीत होतं."

"आणि तरी माझाच चाकू निवडलास."

"तुझ्या चाकूवर कोणी संशय घेणार नाही, असं वाटलं होतं. म्हातारपणावर जाईल म्हटलं."

मामांनी ओठ वाचले होते की नुसता चेहरा, कोण जाणे. ते बारीक आवाजात म्हणाले, "फांदी हिनेच शोधली होती. मला माहीत होतं." मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी आणि दातांनी ते अंगठ्यावरची चिकटपट्टी सोडवू लागले. कोणी मदतीला गेलं नाही. पट्टीखाली काट्याची खूणसुद्धा उरली नव्हती.

मुलाने पोलिसांना फोन लावला. मामांनी त्याला अडवलं नाही.

पोलिसांबरोबर निघण्याआधी भाचीने आपला चाकू काढून धारताईंसमोर टेबलावर ठेवला. त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेला जोडीचा चाकू.

"हा ठेव. याच्यात काही नाही."

ती गेल्यावर धारताईंनी तो उघडला. खट्ट वाजलं. सवयीने त्यांचा अंगठा पाठीवरून फिरला, मुठीपासून पात्यापर्यंत आणि परत.

दांडी सपाट होती. कुठे काहीच लागलं नाही.