बॉनेटच्या आडून

आज माझा मार्गशीर्षातला गुरुवार आहे. उपासाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही, मग लिहिणं तर लांबच. हे माझ्या धाकट्या जावेच्या, साधनाच्या बाबतीत घडलं. तिनं जसं सांगितलं, तसंच मांडते.

साल १९९६. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवसाची तिन्हीसांज. आणि जागा म्हणजे भीमेचा पूल ओलांडल्यावर, खुटबाव फाट्याच्या अलीकडं, उसातून जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी.

आम्ही न्हावऱ्याचे. साधनाची धनश्री, आमची धनू, तेव्हा चार वर्षांची होती. तिला ताप चढला होता. दुपार कलली तशी पोर डोळे फिरवायला लागली. गावातले डॉक्टर म्हणाले, "वेळ घालवू नका, दौंडला न्या."

माझे दीर मच्छिंद्र यांनी तेव्हा नुकतीच सणसवाडीच्या एका माणसाकडून जुनी मारुती घेतली होती. गाडी पळायची झकास. पण तिचं एकही दार आतून उघडायचं नाही. मागच्या दारांचं लॉक अडकून बसलेलं, पुढची हँडलं तुटलेली. उतरायचं तर काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरून दार उघडायचं.

निघताना साधना देवघरात थांबली. घरात खंडोबाची घटस्थापना होती, दिव्यात तेल घालायचं होतं. मच्छिंद्र बाहेरून ओरडले, "आगं चल! गाडी पेट्रोलावर चालतीया, तुझ्या उपासावर न्हाई!"

मोरीपाशी धनूला उलटी झाली. मच्छिंद्रनी गाडी कडेला घेतली, पार मोरीच्या कठड्याला चिकटवून. आणि सवयीनं इंजिन बंद केलं. उगाच पेट्रोल कशाला जाळायचं, असा त्यांचा स्वभाव.

पोरीचं तोंड पुसून झालं. त्यांनी चावी फिरवली.

टक्...

बस्स, एवढंच. इंजिन फिरलंच नाही.

पुन्हा चावी.

टक्...

"बॅटरी उतरली का वो?" साधनानं विचारलं.

मच्छिंद्रनी हॉर्न दाबला. खणखणीत वाजला. दिवे लावून पाहिले, तेही लख्ख; लगेच बंद केले. "बॅटरी हाय चांगली. सेल्फ अडकलाय. तू इकडं माझ्या जागी बस. मी पान्यानं सेल्फवर टोला देतो. 'मार' म्हणलं की चावी फिरवायची. कळलं?"

"कळलं."

"आन् देवाचं नाव मनातच घे. मला ऐकू यायला पायजे."

ते उतरले, बॉनेट वर केलं. साधनाच्या समोर नुसता पत्रा आला. बॉनेटच्या खालच्या फटीतनं त्यांच्या हातातल्या बॅटरीचा उजेड तेवढा दिसत होता, आणि अधूनमधून त्यांची बोटं.

ठण... ठण...

"मार!"

टक्...

असं बरेचदा झालं. मग ते खिडकीपाशी आले. पाना तिच्या शेजारच्या सीटवर टाकला. "धक्का मारावा लागंल. त्या मळ्यात दिवा दिसतोय, दोन माणसं आणतो. पोरीकडं बघ."

"लवकर या. अंग लई तापलंय तिचं."

बॅटरी घेऊन ते उसाच्या पायवाटेनं गेले. बॉनेट तसंच उघडं राहिलं.

अंधार पडला. एका अंगाला कठडा. दुसऱ्या अंगाला ऊस. समोर पत्रा. मागच्या सीटवर धनूचा श्वास... भराभरा.

रातकिडे ओरडत होते.

आणि एकाएकी... ते थांबले.

ठण... ठण...

"मार."

साधनाला हायसं वाटलं. आले वाटतं! तिनं चावी फिरवली.

टक्...

"अहो, माणसं न्हाई मिळाली?"



ठण... ठण... ठण...

"मार."

आवाज मच्छिंद्रचाच. तसाच घोगरा. तिनं पुन्हा चावी फिरवली. मग तिचं लक्ष त्या फटीकडं गेलं.

फटीत उजेड नव्हता.

या अंधारात ते बॅटरीशिवाय काम करतील कसे?

तिनं शेजारच्या सीटवर हात फिरवला. हाताला गार लोखंड लागलं.

पाना तिथंच होता.

मग... ठोकतंय कोण? आणि कशानं?

एवढ्यात लांब मळ्यात एक उजेड हलला. तिकडनंच मच्छिंद्रची बारीक हाक ऐकू आली, "ओ आप्पाऽऽ... हाय का कुणी?"

आणि त्याच वेळी, बॉनेटच्या आडून, तोच आवाज...

"साधना... मार."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. मच्छिंद्रनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'आगं', नाहीतर 'धनूची आई'. आमच्याकडं नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत.

दिवेलागणीनंतर माणूस दिसल्याशिवाय हाकेला ओ द्यायची नाही, हे आमच्या सासूबाईंनी आम्हा दोघींना पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. साधनानं पदर तोंडात कोंबला.

"साधना..."



पोरीला घेऊन पळायचं, एवढंच तिला सुचलं. पण दार बाहेरूनच उघडणार. तिनं काच खाली केली. मल्हारी मार्तंडाचं नाव घेत हात बाहेर काढला. चाचपत हँडलपाशी नेला...

हँडलवर आधीच कुणाचातरी हात होता.

गार. ओला. तिच्या बोटांखाली तो हलला नाही. दार उघडूही देईना.

तिनं हात आत ओढला, भराभरा काच वर केली. बाहेर कोणी दिसत नव्हतं. नुसता ऊस.



मग तो आवाज बदलला. घोगरा राहिला नाही. मऊ झाला, बाईचा झाला. साधना शपथेवर सांगते, तो तिचा स्वतःचा आवाज होता.

"धनू... ए धनू..."

ती मागं वळली. पोरीच्या तोंडावर हात ठेवायला झेपावली.

पण तापातल्या पोरीला काय कळणार? आईनंच हाक मारली.

"ओ..." धनू म्हणाली.

ठण...

"मार."

साधना म्हणते, तिनं चावीला हात लावला नाही. मागच्या सीटकडं वळलेली बाई चावी फिरवणार कशी?

गाडी सुरू झाली.

मच्छिंद्र पळतच आले. सोबत मळ्यातले एक म्हातारे होते, हौसराव नावाचे. "झाली का सुरू? कशी गं?" मच्छिंद्र विचारत होते. साधना पोरीला छातीशी धरून बसली होती.

हौसराव गाडीपासून लांबच उभे राहिले.

"आप्पा, तेवढं बॉनेट पाडता का?" मच्छिंद्र म्हणाले.

"तुमीच पाडा. आन् निघा. हितं इंजान बंद करत नसत्यात."



दौंडला वेळेत पोचले. पहाटेपर्यंत ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात मुजीब मेस्त्रींनी सेल्फ उघडला आणि मच्छिंद्रना आत जळून काळा झालेला गोळा दाखवला. "शेट, ही गाडी धक्क्याशिवाय सुरू झाली, हे मला सांगू नका."

धनू वाचली. देवाची कृपा. पण ती मधनंच, दिवे लागले की, "ओ" म्हणते.

कोणी हाक मारलेली नसते.

तिच्या लहानपणी आम्ही हे हसण्यावारी नेलं. आता ती मोठी झाली. मागच्या आठवड्यात मी देवापुढं वात सारत होते, साधना शेजारी फुलं निवडत होती. धनू स्वयंपाकघरातून "ओ, आले" म्हणत बाहेर आली आणि थेट अंगणाकडं निघाली.

"कुठं गं?" मी विचारलं.

"आईनं हाक मारली ना बाहेरून."

साधना माझ्या शेजारीच बसलेली होती.

धनूनं तिला पाहिलं. उंबऱ्यावर उभी राहिली. पण तिचं तोंड अंगणाकडंच होतं, आणि किती वेळ ती वळलीच नाही.

आम्ही तिला हाक मारून आत बोलावलं नाही. आमच्या घरात दिवेलागणीनंतर तिला कोणीच हाक मारत नाही. जाऊन हात धरतो.

वैशाखात तिचं लग्न आहे. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे. गाव खुटबावच्या पलीकडं, त्याच रस्त्यावर. नव्या घरातली माणसं तिला दिवसातनं दहादा, दिवेलागणीनंतरही, नावानं हाक मारतील.

त्यांना काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.