चौदाव्या नळीचं पाणी

क्रिस्टा माकेलाला त्या दुपारी एवढंच करायचं होतं, दलदलीच्या टोकाला जाऊन जमिनीत रोवलेल्या चौदाव्या नळीतली पाण्याची पातळी मोजून यायची. अर्ध्या तासाचं काम. पण ते तिनं आठ दिवस केलं नव्हतं.

उत्तर मिनेसोटातल्या त्या केंद्रात उन्हाळाभर संशोधन करायला मिळावं म्हणून कॉलेजच्या दोनशे पोरांनी अर्ज केले होते. घेतली दोघं, क्रिस्टा आणि ओवेन. पाय मुरगळून ओवेन खाटेला खिळला आणि दलदलीत एकटं जायचं नाही हा नियम क्रिस्टानं गुपचूप मोडला. तेरा नळ्या ती इमानेइतबारे मोजायची. चौदावी मात्र काळ्या स्प्रूस झाडांच्या दाटीत होती. तिथं पोचेपर्यंत पक्षीसुद्धा गप्प व्हायचे. मग तिचा आकडा क्रिस्टा अंदाजानं ठोकून द्यायची.

आज सकाळी संशोधनाच्या प्रमुख डॉ. ब्रेनन यांची मेल आली. उद्या येते, नळ्यांच्या तळाशी पाण्याची नोंद ठेवणारी यंत्रं आहेत, ती काढून तुमच्या वहीशी ताडून पाहू. यंत्रांबद्दल या दोघांना कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. क्रिस्टाच्या तोंडचं पाणी पळालं. खोटे आकडे सापडले तर ही जागाच काय, कॉलेजातूनही गच्छंती.

"आज एकदा खरं मोजते, म्हणजे मागचे आकडे सावरता येतील," ती ओवेनला म्हणाली.

"आठ दिवसांच्या थापा एका दिवसात सावरणार? त्यापेक्षा सांगून टाक ना बाईंना."

"तुझं काय जातंय बोलायला! मस्त पाय वर करून पडलायस."

पावसानंतर धुकं उतरलं होतं. चिखलावर टाकलेल्या फळ्या पावलागणिक कुरकुरत होत्या आणि कुजक्या शेवाळाचा आंबूस वास नाकात बसला होता. चौदाव्या नळीशी ती गुडघ्यावर बसली, पट्टी आत सोडली. एकानं आकडा मोठ्यानं म्हणायचा, दुसऱ्यानं तो परत म्हणून मगच वहीत लिहायचा, अशी तिथली पद्धत. जोडीला कुणी नव्हतं, तरी सवयीनं ती बोलून गेली, "अठरा पॉइंट दोन."

"अठरा पॉइंट दोन," धुक्यातून कुणीतरी म्हणालं.

"ओवेन?... अरे, पाय दुखतोय ना तुझा? कशाला आलास?"

पुन्हा तोच आवाज, कामाला कंटाळल्यासारखा. "बुधवार... अठरा पॉइंट नऊ. मंगळवार... एकोणीस पॉइंट चार..."

पळावं असं तिला वाटलं. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा हाव मोठी होती. तिनं आठही दिवसांचे आकडे उतरवून घेतले आणि मागे वळून न पाहता केंद्र गाठलं. ओवेन खाटेवर घोरत होता. तिनं वहीतले जुने आकडे खोडरबरानं पुसले आणि त्या जागी हे लिहिले.

दुसऱ्या दिवशी डॉ. ब्रेनन यांनी यंत्रं काढली, संगणकाला जोडली आणि वही शेजारी ठेवली.

"दशांशापर्यंत बरोबर! पोरी, एक दिवस चुकवला नाहीस."

क्रिस्टाचा जीव भांड्यात पडला. ओवेन कॉफीचा कप धरून तिच्याकडे बघतच राहिला.

"एक मात्र बरं नाही," बाईंनी पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं. "तू फळीवरून खाली उतरतेस. वजनानं जमीन दबते आणि नळीतलं पाणी चढतं. हे बघ, चौदाला रोज चारच्या ठोक्याला बोटभर चढलंय. आठही दिवस. दहा-दहा मिनिटं उभी असतेस तिथं."

मी नव्हते म्हणावं, तर सगळंच उघडं पडणार.

"सॉरी... पुन्हा नाही उतरणार."

"आणि काल हे काय केलंस? चौदाला चढलं, उतरलं. मग तेराला. मग बाराला... असं थेट एकपर्यंत."

एक नंबरची नळी केंद्राच्या पायरीलगत, क्रिस्टाच्या खिडकीखाली होती.

"एकचं तर आज सकाळी यंत्र काढेपर्यंत उतरलेलंच नाही," बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "रात्रभर तिथं कोण उभं होतं, क्रिस्टा?"

ओवेननं कप खाली ठेवला. "मॅडम, काल रात्री ही तर..."

"मी," क्रिस्टा घाईनं म्हणाली. "मीच होते."

बाईंनी मान हलवली आणि तारीख घालून तसं लिहून घेतलं.