पितांबरच्या नावाची घागर

टकटक, टकटक, टकटक.

मातीच्या चाकांची गाडी होती ती. दोरीनं ओढली की दोन काड्या हलायच्या आणि कागद ताणून केलेल्या छोट्या ढोलावर पडायच्या. पारोळ्याला बालाजीच्या रथाच्या यात्रेत बापानं ती आम्हा दोघा भावांत मिळून एकच घेतली. मी मोठा, झिपरू. धाकटा पितांबर. दोरी त्याच्या हातात होती. रथ आला, गर्दी दाटली, आणि तो आवाज आधी पुढं गेला, मग बाजूला, मग लांब. बंद पडला असं मला आठवत नाही. लांब गेला एवढंच. पितांबर पुन्हा दिसला नाही.

हे फार जुनं झालं. मी सांगतोय ते त्यानंतर खूप वर्षांनी घडलं, धरणगावजवळच्या आमच्या गावी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी. तेव्हा गावात नुकता कुठं एका घरी टीव्ही आला होता. माझी माय भिकुबाई त्याच वर्षी माघात गेली होती. तिच्या माघारी ती पहिली आखाजी.

आखाजीला आमच्याकडं घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतात. वर खरबूज ठेवतात, सांजोरी ठेवतात. सांजोरी म्हणजे रवा-गुळाचं सारण भरून तळलेली पुरी. मग चुलीतले निखारे काढून त्यावर घास ठेवायचा, तूप सोडायचं आणि नाव घ्यायचं. भपकन जाळ झाला की पोचलं म्हणायचं. याला आगारी म्हणतात.

माय होती तोवर तिनं पितांबरच्या नावाची घागर कधी भरू दिली नाही. "जित्ता मानूसनी घागर कोनी भरस का?" म्हणायची. सांजोऱ्या झाल्या की उरलेल्या पिठाचा ती एक बैल करायची, तिळाचे डोळे लावून तळायची. लहानपणी आम्ही त्या बैलाशी दिवसभर खेळायचो आणि मोडला की खायचो. पितांबर मोडायची वाट बघत नसे. तो आधी शिंगं खायचा. तो गेल्यावरही माय दर आखाजीला बैल करून त्याच्या ताटलीत ठेवी आणि दिवस मावळला की मला म्हणे, "खाई ले, बेटा. तो काही आज येत नही."

त्या वर्षी माझी बायको कलाबाई दोन घागरी घेऊन आली.

"एक मायनी," ती म्हणाली. "आणि दुसरी भाऊनी. आते मायबी गयी. कोनी वाट दखतस तुम्ही?"

तिचं खरंही होतं. माय वर एकटी बसून असेल, तिला तिचं लेकरू द्यायला नको का? पण तो कुठं जिवंत असला, तर मीच त्याला मारल्यासारखं होईल. मी मायची घागर भरली. दुसरी ओसरीवर तशीच कोरडी राहिली.

दुपार डोक्यावर आली. वैशाखाचं ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कढईचा आवाज, तेलाचा आणि गुळाचा वास, बाकी सगळं गप्प. मी ओसरीवर निखारे मांडले. मायचं नाव घेऊन तूप सोडलं. भपकन जाळ झाला. मग मनाशी म्हटलं, घागर राहू दे, घास तर टाकून बघू. सांजोरीचा तुकडा ठेवला, पितांबरचं नाव घेतलं, तूप सोडलं.

काही झालं नाही. निखारा लालभडक होता. तूप त्यावरून पाण्यासारखं ओघळून गेलं. धूरसुद्धा नाही.

"निखारा इझना व्हई," आतून कलाबाई म्हणाली. "दुसरा दिऊ का?"

"नको," मी म्हटलं. मला आनंद झाला की भीती वाटली, कळेना. पोचलं नाही. म्हणजे तो तिकडं नाहीच की काय…

तेवढ्यात ओट्यापाशी एक माणूस उभा दिसला. येताना मी त्याला पाहिलं नव्हतं. पांढरी टोपी, हातात पिशवी, माझ्यापेक्षा थोडा लहान असेल.

"पाणी मिळंल का, भाऊ?" तो म्हणाला. "धुळ्याहून आलो. फाट्यावर एस.टी. बंद पडली."

आखाजीच्या दुपारी दारी आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. कलाबाईनं बाहेर येऊन पाहिलं. "या भाऊ, सावलीमा बठा. पानी लयस." तिनं पाण्याचा तांब्या आणला, ताटलीत सांजोऱ्या आणल्या. मायची रीत मोडायची नाही म्हणून तिनंही पिठाचा बैल केला होता, तोही त्या ताटलीत आला.

पाहुण्यानं बैल उचलला. बराच वेळ नुसता बघत राहिला.

"आमच्या घरी करतात असा," तो म्हणाला. "माझ्या मोठ्या भावासाठी. तो आधी शिंगं खायचा."

आणि त्यानं आधी शिंगं खाल्ली.

मी पण हातातल्या सांजोरीची कड खात होतो. आम्ही दोघं मिळून ताटली रिकामी करत आणली, तशी कलाबाई हसली. "दोन्ही भाऊ बठ्ठ्या सांजोऱ्या खाई टाकशात! देवले काय ठेवू मी?" असं म्हणून ती आत गेली.

पाहुणा हसला नाही.

"भाऊ कुठं असतो तुमचा?" मी विचारलं.

"हरवला. रथाच्या यात्रेत. गाडीची दोरी त्याच्याच हातात होती… अजून ऐकू येतं मला, लांब जाताना." त्यानं कोरड्या घागरीकडं पाहिलं. "मी यंदा म्हणत होतो, त्याची घागर भरून टाकू. आई भरू देत नाही. सकाळी मी गुपचूप निखाऱ्यावर घास टाकला, तर पेट घेईना. मन लागेना म्हणून निघालो. कुठं निघालो, तेही नीट माहीत नाही."

माझ्या हातातली सांजोरी तशीच राहिली.

"आई… आहे तुमची?"

"आहे ना. भिकुबाई. आता सांजोऱ्या लाटत बसली असंल."

आत कढईत काहीतरी चर्रकन पडलं. ओसरीच्या कोपऱ्यात मायची भरलेली घागर होती. तिच्या बाहेरून पाणी पाझरत होतं.

मला खूप विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "गुडघे दुखतात का तिचे अजून?"

"नाही. थांबले." तो माझ्याकडं नीट बघू लागला. "माघात फार आजारी होती. गेलीच म्हणत होतो आम्ही. मग एका पहाटे उठून बसली, चांगली बोलायला लागली. तेव्हापासून एकच सांगते. झिपरू भेटला म्हणते. त्याच्या मांडीवर डोकं होतं माझं, तो चमच्यानं पाणी पाजत होता…"

ते खरं होतं. माघात, पहाटे, चमच्यानंच. त्या वेळी खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. कलाबाई डॉक्टरला आणायला गेली होती.

"पितांबर," मी म्हटलं. "अरे, मीच झिपरू. माय माझ्याच मांडीवर गेली. ही बघ, तिचीच घागर."

त्यानं घागरीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. माझ्या तोंडाकडं, हाताकडं, मग पायांकडं. मला वाटलं, आता हा उठून मिठी मारील. मी हात पुढं केले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ते सापडलेल्या माणसाला बघून येतं तसं नव्हतं. वाट बघणं संपल्यावर येतं, तसं होतं.

तो उठला. टोपी काढून काखेत धरली. तांब्यातलं उरलेलं पाणी उजव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटून माझ्या पायांपाशी सोडलं. बोटांवरून नाही. अंगठ्याच्या बाजूनं. तसं पाणी फक्त गेलेल्यांना देतात.

"अरे, मी आहे," मी म्हटलं. "हात लावून बघ की…"

त्यानं पुन्हा तळहात भरला. पुन्हा सोडलं. त्याचे ओठ हलले, आणि त्यात माझं नाव होतं. तापलेली फरशी ओली होऊन काळी पडली. पाणी माझ्या पावलांवरून वाहिलं, मी ते बघत होतो, पण गार लागलं नाही.

आतून कलाबाईनं हाक मारली. कोणाला, ते मला कळलं नाही.

त्यानं तांब्या खाली ठेवला, पिशवी घेतली आणि ओटा उतरला. मी त्याच्या नावानं हाका मारत राहिलो. असं पाणी दिल्यावर मागं वळून बघायचं नसतं. तो उन्हातून फाट्याच्या दिशेनं चालत गेला.